चाकांवरचे घर

सुर्ल्याच्या रस्त्याने जाताना कडेला उभा असलेला मालट्रक आपणांपैकी प्रत्येकाने पाहिलेला आहे. पाहिलेला आहे खरा. पण त्याच्या केबिनमध्ये लक्षपूर्वक डोकावणारे थोडेच. लांब पल्ल्याचा ट्रक असेल, तर आत एक छोटेसे घरच नांदत असते. आसनामागील फळीवर गुंडाळलेली वळकटी, आरशाशेजारी देवाची तसबीर, दोरीवर वाळत घातलेला पंचा, हत्यारपेटीत स्टोव्ह व दोन पातेली आणि बाहेर हुकाला अडकवलेले पाण्याचे भांडे. चालक व क्लीनर त्यात दिवसचे दिवस राहतात, जेवतात, निजतात. त्या घराला अंगण नाही, विहीर नाही आणि पत्ताही नाही. तरीसुद्धा ते घरच होय.

असेच दुसरे घर आपल्या मांडवीच्या पात्रात तरंगताना दिसते. खाणीतील लोहखनिज ट्रकांनी नदीकाठच्या धक्क्यांवर यावयाचे आणि तेथून बार्जेसमधून मुरगाव बंदरास जावयाचे, अशी या भागातील अनेक वर्षांची रीत. बार्जवरील खलाशांचे स्वयंपाकघर, निजण्याची जागा आणि पिण्याच्या पाण्याची टाकी हे सारे बार्जवरच असते. नदी पायाखाली वाहत असली, तरी उन्हाळ्यात भरतीबरोबर खारे पाणी पुष्कळ आत शिरते, म्हणून पिण्याचे पाणी त्यांना मोजून बरोबर न्यावे लागते. २०१२ साली गोव्यातील खाणकाम थांबले, मध्यंतरी काही काळ चालू झाले, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा बंद पडले आणि २०२४ मध्ये डिचोली तालुक्यात लिलावाने दिलेल्या खाणपट्ट्यापासून त्याचा पुनश्च प्रारंभ झाला. या साऱ्या काळात कित्येक ट्रक व बार्जेस जागच्या जागी उभ्या राहिल्या. उभ्या असलेल्या वाहनाचे काय करावे, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरी चर्चिला गेला असेल. दुसरीकडे, मोटारीतच राहण्याची सोय करून देश पाहत हिंडणाऱ्या प्रवाशांची वाहने हल्ली गोव्याच्या रस्त्यांवर दृष्टीस पडतात. हा केवळ धनिकांचा छंद आहे, की त्यातून आपणांसही काही शिकता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

फिरते घर ही कल्पना नवी नाही. घाटावरून धान्य लादून किनाऱ्याकडे उतरणारे आणि परतताना मिठागरांतील मीठ घेऊन जाणारे लमाणांचे तांडे हे फिरते गावच होते. त्यांच्या बैलांच्या पाठीवर व्यापाराचा माल असे आणि संसारही असे. इंग्लंडमध्ये गॉर्डन स्टेबल्स नावाचे एक निवृत्त नौदल शल्यवैद्य होते. मुलांसाठी साहसकथा लिहिणारे म्हणून ते प्रसिद्ध होते. त्यांनी १८८५ साली केवळ हौशीखातर ‘वाँडरर’ नावाचे घोड्यांनी ओढावयाचे घर बांधवून घेतले आणि त्यातून थेट स्कॉटलंडमधील इन्व्हरनेसपर्यंत प्रवास केला. त्या गाडीला ते भूमीवरील नौका म्हणत. कित्येक वर्षे जहाजावर घालवलेल्या माणसाला तसे वाटावे हे स्वाभाविकच होते. पुढे मोटारी आल्या. १९५१ पासून जर्मनीत लहान व्हॅनमध्ये बसविता येण्याजोगे झोपण्याचे व स्वयंपाकाचे साहित्य विकले जाऊ लागले. १९६० ते १९८० या दोन दशकांत युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान या मार्गाने तरुणांच्या व्हॅना भारतात येत, आणि त्यांपैकी पुष्कळांच्या प्रवासाचे शेवटचे ठिकाण गोव्याचा किनारा असे. १९७९ साली इराणातील क्रांती व अफगाणिस्तानातील युद्ध यांमुळे तो मार्ग खुंटला. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये अशा वाहनांच्या पर्यटनासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले.

हा झाला इतिहास. आता मुख्य विषयाकडे वळू. आपल्या राहत्या घरात नळ सोडला की पाणी येते, बटन दाबले की दिवा लागतो, खिडकी उघडली की वारा येतो. ही सोय कोणी, कशी आणि किती कष्टाने केली, याचा आपण विचारही करीत नाही. फिरत्या घरात मात्र पंचमहाभूतांशी आपली प्रत्यक्ष गाठ पडते. पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश या पाचांचीही व्यवस्था स्वतः लावावी लागते. त्यांपैकी एकाची जरी हेळसांड झाली, तरी ते घर राहण्यास अयोग्य ठरते. क्वचित प्राणावरही बेतते. म्हणून बाजारात जाऊन वस्तूंची खरेदी करण्यापूर्वी या पाचांचा हिशेब करणे अगत्याचे आहे. तोच आपण क्रमाने करू.

प्रथम पृथ्वी, म्हणजे भार आणि जागा. बैलगाडी हाकणाऱ्या कोणत्याही वृद्ध माणसास विचारा. तो सांगेल की ओझे मागे जास्त झाले तर गाडी उलार होते आणि पुढे जास्त झाले तर बैलांच्या मानेवर येते. मोटारीचा नियम याहून वेगळा नाही. जड वस्तू तळाशी, दोन्ही बाजूंस सारख्या आणि शक्यतो पुढच्या व मागच्या चाकांच्या मधोमध ठेवाव्या. पाण्याचे पिंप, बॅटरी, हत्यारपेटी यांची जागा खाली. कपडे व अंथरुणे यांची जागा वर. टपावर जड सामान लादले, तर घाटाच्या वळणावर वाहन बाहेरच्या अंगाला झुकते. चोर्ल्याच्या घाटात एकदा तरी गाडीने गेलेल्यास हे अधिक समजावून सांगावयास नको. आतील प्रत्येक वस्तू बांधलेली हवी. अकस्मात ब्रेक लागला असता सुटा असलेला कुकर तोफगोळ्यासारखा पुढे येतो.

वाहन उभे कोठे करावे हाही पृथ्वीचाच प्रश्न. जमीन टणक व सपाट असावी. चढावर थांबणे भाग पडल्यास चाकाखाली लाकडी ठोकळे लावावे. केवळ ब्रेकवर विसंबून निजू नये. नारळाच्या अथवा फणसाच्या झाडाखाली सावली दाट मिळते हे खरे. पण फळ केव्हा पडेल याचा नेम नसतो. पावसाळ्यात दरडीच्या पायथ्याशी, ओहोळाच्या पात्रात किंवा नदीच्या भरतीरेषेखाली क्षणभरही थांबू नये. आमच्या भागासाठी आणखी एक सूचना आवश्यक आहे. खाणीतून काढलेल्या टाकाऊ मातीचे जे उंच ढीग दिसतात, त्यांच्या माथ्यावरून दृश्य सुंदर दिसते. परंतु पावसाने ती माती भुसभुशीत होऊन ढासळते. खाणींच्या खड्ड्यांत साचलेले निळे-हिरवे पाणीही तसेच फसवे. त्याचे काठ उभे असतात आणि खोली एकदम वाढते. पोहणाऱ्याला परत वर येण्यास पायरी सापडत नाही. तेथे वाहन उभे करू नये आणि पाण्यात तर उतरूच नये.

दुसरे महाभूत आप. घरी आपण पाणी किती वापरतो हे बहुधा कोणासच सांगता येत नाही. प्रवासात काटकसर केली, तर एका माणसास पिण्यासाठी दिवसाला सुमारे ३ लिटर, स्वयंपाक व भांडी यांसाठी ४ ते ५ लिटर आणि हातपाय-तोंड धुण्यास २ ते ३ लिटर, असे साधारण १० लिटर पाणी पुरते. दोघांना दोन दिवसांचे ४० लिटर झाले. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम असते. तेव्हा हे ४० किलोंचे ओझे झाले. ते एका मोठ्या पिंपात न ठेवता दहा-दहा लिटरांच्या चार कॅनमध्ये ठेवावे. उचलण्यास सोपे जाते आणि एखादा फुटला तरी बाकीचे पाणी वाचते. पिण्याचा कॅन निराळा असावा व त्यात पेला बुडवू नये; तोटी असलेला कॅन उत्तम.

अनोळखी विहिरीचे अथवा झऱ्याचे पाणी कितीही नितळ दिसले, तरी ते उकळून प्यावे. खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट तशीच राहू द्यावी. तुरटी फिरविल्याने गाळ खाली बसतो, परंतु रोगजंतू मरत नाहीत. हा भेद पुष्कळांना ठाऊक नसतो. इंधन नसेल तेव्हा क्लोरीनच्या गोळ्या कामी येतात. जुन्या काळी प्रवासी जाड किंतानाची छागल बरोबर बाळगीत. तिच्या कापडातून पाणी किंचित पाझरते, वाऱ्याने त्याचे बाष्प होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतील पाण्यातून घेतली जाते. म्हणून पाणी थंड राहते. मातीच्या मडक्याचेही तत्त्व हेच. मात्र ही युक्ती कोरड्या हवेत, म्हणजे घाटमाथ्यापलीकडे उन्हाळ्यात जितकी साधते, तितकी आपल्या दमट किनाऱ्यावर साधत नाही.

तिसरे महाभूत तेज. त्यात अग्नी आला आणि वीजही आली. स्वयंपाकासाठी लहान, सुमारे ५ किलोंचा गॅस सिलिंडर सोयीचा. येथे एक शास्त्रीय गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. हा वायू हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर धुरासारखा वर न जाता पाण्यासारखा तळाशी साचतो. म्हणून सिलिंडर ज्या कप्प्यात ठेवावयाचा, त्याच्या तळालाच बाहेर उघडणारे भोक हवे. गॅसचा वास आला की प्रथम सिलिंडरचा झडप बंद करावा, दारे उघडावी आणि सर्वांनी बाहेर पडावे. काडी ओढू नये, विजेचे बटन लावू नये व घालवूही नये. सांध्यावर साबणाचा फेस लावून पाहिल्यास बुडबुड्यांवरून गळती ओळखता येते. ज्योतीने ती शोधण्याचा अविचार कोणी करू नये. स्वयंपाक शक्यतो वाहनाबाहेर, वाऱ्याचा आडोसा करून करावा. आगविरोधी नळकांडे दाराजवळ असावे. तेल पेटले तर त्यावर पाणी न टाकता घट्ट झाकण ठेवावे.

इंधन वाचविण्याच्या दोन युक्त्या सांगण्यासारख्या आहेत. पहिली प्रेशर कुकरची. त्यातील दाबामुळे पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते आणि डाळ-तांदूळ लवकर शिजतात. दुसरी युक्ती आपल्या आजीच्या पिढीची. उकड्या तांदळाची पेज करावयाची असेल, तर भांडे दहा-पंधरा मिनिटे उकळू द्यावे, झाकण घट्ट बसवावे आणि ते भांडे जाड घोंगडीत गुंडाळून गवताने भरलेल्या खोक्यात ठेवावे. उष्णता बाहेर न पडल्याने तांदूळ आतल्या आत शिजत राहतात. दोन तासांनी भांडे पुन्हा एकदा उकळावे; पेज तयार. वाहन चालत असतानाही हा स्वयंपाक होतो. बरोबर घेण्याचा शिधा टिकाऊ असावा. पोहे, डाळी, गूळ, आमसुले, लोणचे, लाडू आणि मासे खाणाऱ्यांसाठी खारा बांगडा. तो मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात, नाहीतर अंथरुणांनाही त्याचा वास लागेल!

विजेचा हिशेब गुणाकाराचा आहे. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १,२०० वॅट-तास. साधी शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य घटते. म्हणून आपल्या वाट्याला ६०० वॅट-तास येतात. आता खर्च पाहा. ५ वॅटचे दोन दिवे चार तास लावले तर ४०, १५ वॅटचा पंखा आठ तास चालविला तर १२० आणि दोन मोबाईलना मिळून सुमारे ३०, असे १९० वॅट-तास होतात. म्हणजे एका बॅटरीवर तीन रात्री सुखाने निभावतात. यात लहानसा फ्रिज घातला, तर तो एकटाच दिवसाला सुमारे ४०० ते ५०० वॅट-तास घेतो आणि दुसऱ्या दिवशी अंधार होतो. १०० वॅटची सौर तावदानी कोरड्या ऋतूतील स्वच्छ उन्हात दिवसाला सुमारे ४०० वॅट-तास देते; आषाढ-श्रावणात तिच्याकडून पाव हिश्शाचीही शाश्वती नाही. इंजिन सुरू करण्याची बॅटरी या कामाला कधीही जुंपू नये. सकाळी गाडी ढकलण्याची पाळी येईल. दुसरी बॅटरी असावी आणि तिच्या टोकापाशीच फ्यूज असावा.

चौथे महाभूत वायू. या विषयावर मी किंचित विस्ताराने लिहिणार आहे. कारण येथील चूक सुधारण्यास दुसरी संधी मिळत नाही. कोळशाची शेगडी जळते किंवा मोटारीचे इंजिन चालते, तेव्हा कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू उत्पन्न होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशे पटींहून अधिक आसक्तीने धरून ठेवते. परिणामी श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. आरंभी डोके दुखते, मळमळते, अंग जड होते आणि झोप येते. जागा असलेला मनुष्य कदाचित सावध होईल. निजलेला मनुष्य त्या झोपेतून उठत नाही. थंडी लागते म्हणून बंद वाहनात शेगडी ठेवून निजणारे आणि उकडते म्हणून इंजिन व वातानुकूलन चालू ठेवून, काचा लावून निजणारे, या दोहोंनीही प्राण गमावल्याच्या बातम्या आपण वृत्तपत्रांत वाचतो. ही माणसे निष्काळजी होती असे म्हणवत नाही. त्यांना कोणी सांगितलेले नव्हते, इतकेच.

म्हणून नियम ठरवून टाकावा. निजावयाच्या जागी कोळसा, लाकूड, गॅस अथवा रॉकेल जळता कामा नये. इंजिन बंद करूनच निजावे. थंडीला घोंगडी आणि उकाड्याला पंखा व उघडी खिडकी हेच उपाय. या वायूची सूचना देणारे लहान यंत्र बाजारात मिळते. फिरत्या घरासाठी करावयाच्या खरेदीत त्याचा क्रम पहिला लावावा. कोणाला त्रास झाल्याचे दिसले तर त्यास तत्काळ मोकळ्या हवेत आणावे आणि जवळच्या रुग्णालयात न्यावे. आपल्या घरचे कोणी ट्रकवर असतील तर त्यांना हा परिच्छेद वाचून दाखवावा, अशी माझी विद्यार्थ्यांना विनंती आहे. लेखाचा बाकीचा भाग विसरला तरी चालेल.

वायूचा दुसरा विचार दमटपणाचा. निजलेल्या माणसाच्या श्वासातून व त्वचेतून रात्रभरात पेलाभर किंवा त्याहूनही अधिक पाणी बाष्परूपाने बाहेर पडते. बंद वाहनात ते थंड पत्र्यावर जमते, थेंब थेंब गळते आणि आठ दिवसांत अंथरुणाला बुरशी येते. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथे या संकटाची तीव्रता सांगावयास नको. समोरासमोरच्या दोन खिडक्या चार बोटे उघड्या ठेवाव्या आणि त्यांना डास अडविणारी बारीक जाळी लावावी. गरम हवा वर जाते, म्हणून छपरात झाकणाचा झरोका असल्यास फार चांगले. दाराबाहेर ताडपत्रीचा उतरता मांडव केला म्हणजे ओली छत्री, चपला व रेनकोट बाहेरच राहतात. पत्र्याचे छप्पर पांढऱ्या रंगाने रंगविल्यास ऊन कमी शोषले जाते. बंद वाहन उन्हात अल्पावधीत भट्टीसारखे तापते. त्यात लहान मूल किंवा जनावर पाच मिनिटेही एकटे ठेवू नये.

पाचवे महाभूत आकाश, म्हणजेच अवकाश. दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद व्हॅनमध्ये अवघी पन्नास चौरस फूट जागा मिळते. त्यात दोन माणसांनी राहावयाचे, तर प्रत्येक वस्तूने दोन कामे केली पाहिजेत. दिवसाचे बाक रात्रीचा पलंग व्हावे, त्याच्या पोटात पेटी असावी, पेटीचे झाकण पाटाचे काम करील. पातेली एकात एक बसणारी घ्यावी. काच टाळावी. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असावी. अंधारात हात घातला की टॉर्च तेथेच सापडला पाहिजे. बार्जवरील खलाशी याच शिस्तीने राहतात. स्टेबल्स यांनी आपल्या गाडीला नौका का म्हटले असावे, हे येथे ध्यानात येते.

आवश्यक साहित्याची मोजदाद केली तर ती फार मोठी होत नाही. सतरंजी, घोंगडी, मच्छरदाणी, दोन पातेली, तवा, कुकर, सांडशी, पळी, सुरी, पाण्याचे कॅन व बादली, टॉर्च, वीस हात मजबूत दोर व ताडपत्री, स्टेपनी, जॅक, पाना, हवा भरण्याचा पंप व फ्यूज, आणि औषधांची पेटी. पेटीत पट्ट्या, जंतुनाशक, तापावरील गोळ्या आणि जुलाबावर द्यावयाची क्षारसंजीवनीची पाकिटे असावीत. पाकिटे संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे व मिठाचा अर्धा सपाट चमचा विरघळवून ते पाणी द्यावे. मात्र चमचा चहाचा घ्यावा आणि मीठ मापापेक्षा वाढू देऊ नये. सर्पदंश झाल्यास जखम कापणे, चोखणे किंवा करकचून बांधणे हे प्रकार न करता दंशाचा अवयव स्थिर ठेवावा आणि रोग्याला विनाविलंब रुग्णालयात पोहोचवावे.

येथवर आपण घराच्या आतील व्यवस्था पाहिली. परंतु चाकांवरच्या घराचे एक वैशिष्ट्य असे, की त्याला स्वतःचे अंगण नसते. ते दुसऱ्याचे अंगण वापरते. भांड्यांचे उष्टे पाणी, केरकचरा आणि मलमूत्र हे सारे कोठेतरी जावयाचेच असते. ते कोठे जाते यावरून प्रवाशाची संस्कृती ठरते. रस्त्याच्या कडेला चूल मांडून, पत्रावळी व बाटल्या तेथेच टाकून निघून जाणाऱ्या पाहुण्यांचा त्रास गोव्यातील अनेक गावांनी सोसला आहे. अखेर २०१९ साली कायद्यात दुरुस्ती करून पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करण्यास मनाई करावी लागली. म्हणून जेथे थांबावयाचे, तेथील जमीनमालकाची अथवा पंचायतीची आधी परवानगी घ्यावी आणि चूल पेटविता येईल काय हेही तेव्हाच विचारावे. झऱ्यावर किंवा विहिरीच्या काठी साबण वापरू नये. पाणी बादलीत घेऊन दूर जावे. शौचालय उपलब्ध असेल तेथेच थांबणे श्रेयस्कर. अगदीच निरुपाय झाल्यास पाण्यापासून निदान साठ मीटर दूर वीतभर खोल खड्डा खणून तो मातीने बुजवावा. कचरा पिशवीत भरून आपल्याबरोबर परत न्यावा. निघताना मागे वळून पाहावे. आपण येथे होतो हे केवळ चाकांच्या खुणांवरून कळावे, अन्य कशावरूनही कळू नये.

शेवटी कागदपत्रांविषयी दोन शब्द. घरी उभा असलेला ट्रक वा टेंपो फिरते घर करावा असे कोणाच्या मनात आले, तर त्याने सुताराकडे जाण्यापूर्वी परिवहन कार्यालयात जावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील वर्णनाशी विसंगत असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. नियमाकडे दुर्लक्ष करून केलेला खर्च वाया जातो, आणि अपघात झाल्यास विमाही अडू शकतो.

विद्यार्थी मित्रहो, हा लेख वाचून तुम्ही लागलीच प्रवासास निघावे असा माझा आग्रह नाही. परंतु एक प्रयोग घरच्या घरी अवश्य करून पाहा. एखाद्या रविवारी सकाळी दहा लिटर पाणी मोजून घ्या आणि सूर्यास्तापर्यंत आपली सर्व कामे तेवढ्यात भागवा. त्या दिवशी केलेला केर एका पिशवीत साठवा आणि संध्याकाळी त्याचे वजन करा. दुपारपर्यंतच तुम्हांला कळून येईल की आपण किती घेतो आणि किती टाकतो. त्यानंतर कडेला उभ्या असलेल्या ट्रकच्या चालकाशी दोन शब्द बोला. एवढ्याशा जागेत, एवढ्याशा पाण्यावर तो महिनोन्‌महिने कसा राहतो, हे त्यालाच विचारा. त्याच्याजवळ छापील पुस्तक नसेल, पण या विद्येत तो आपणां सर्वांचा गुरू आहे. आणि जाता जाता, इंजिन बंद करून निजता ना, एवढे त्याला विचारावयास विसरू नका.